हाकाऱ्यांना पोशाख लागत नाही

सिंगापूरला येण्याआधी मी पुण्यात एका कॉलेजात इतिहास शिकवत होते. एम.ए.ला माझ्या प्रबंधाचा विषय होता मध्ययुगातली शिकार. हे सांगितलं की समोरच्याचा चेहरा खुलतो. त्याला हत्तीवरचा हौदा दिसतो, वाघ दिसतो, मिशीला पीळ देणारा राजा दिसतो. मी मात्र दोन वर्षं ज्यांच्याबद्दल वाचत होते ते लोक पायी चालणारे होते. राजाला शिकारीची लहर आली की आसपासच्या गावांतून माणसं वेठीला धरली जायची, ऐन कापणीच्या दिवसांतसुद्धा. हातात काठ्या आणि ढोल घेऊन त्यांनी अख्ख्या रानाला वेढा घालायचा, ओरडत ओरडत तो आवळत आणायचा आणि आतली सगळी जनावरं राजा जिथे बसला असेल तिथे नेऊन घालायची. या सगळ्याला हाका म्हणत आणि या माणसांना हाकारे. एखादं बिथरलेलं रानडुक्कर वेढा फोडून निघालं, तर ते त्यांच्याच अंगावरून जायचं. राजाच्या शौर्याची वर्णनं पानंच्या पानं मिळायची. हाकाऱ्यांबद्दल एखादी ओळ हाती लागली तर मी त्या दिवशी वाचनालयातून खुशीत घरी यायचे.

लग्नानंतर काही वर्षांनी नवऱ्याला इथल्या कारखान्यांच्या भागात, तुआसला, नोकरी लागली आणि आम्ही मुलीला घेऊन इथे आलो. तो एम्प्लॉयमेंट पासवर, मी त्याच्या आधारावर. बुकित पंजांगला भाड्याचा फ्लॅट घेतला. कॉलेजात शिकवण्याचं इथे काही जमलं नाही, म्हणून मी शेजारच्या मुलांच्या शिकवण्या घेऊ लागले. दोन हजारच्या दशकातली ती मधली वर्षं. पुण्या-मुंबईहून आयटीतली कुटुंबं भराभर येत होती, आणि आधीपासून स्थिरावलेले बँकांतले, हिशेबखात्यांतले मराठी लोक त्यांना सांभाळून घेत होते. अशाच काही कुटुंबांचा आमचा एक गट होता. त्याला नाव नव्हतं, नोंदणी नव्हती. वर्षातून एकदा एखादा हॉल भाड्याने घ्यायचा, मुलांचं नाटक बसवायचं आणि सगळ्यांनी मिळून जेवायचं, एवढाच त्याचा कारभार.

नाटक बसवायचे ते आमच्यातले एक ज्येष्ठ गृहस्थ. बँकेत मोठ्या हुद्द्यावर होते, कधीच इथले नागरिक झालेले. ईस्ट कोस्टला, समुद्राजवळ, एका पूल आणि पहारेकरी असलेल्या महागड्या संकुलात त्यांचा कॉन्डो होता. लहानमोठे सगळे त्यांना काका म्हणत, म्हणून मीही म्हणायचे. माणूस मनाने मोकळा. आम्ही नवीन आलो तेव्हा मुलीच्या शाळेसाठी त्यांनी पाच-सहा जणांना फोन केले होते, ते मी विसरलेले नाही. हे आधीच सांगते, कारण पुढे मी त्यांच्याबद्दल जे लिहिणार आहे ते चांगलं नाही.

त्या वर्षी त्यांचा फोन आला.

"वहिनी, यंदा काहीतरी भव्य करायचंय. मध्ययुगातल्या राजाची शिकार. घोडे, चित्ते, दरबार. तुमचा तर अभ्यासच आहे. तुम्हीच लिहा."

मला इतका आनंद झाला की मी आमटी गॅसवर तशीच ठेवून त्यांच्याशी अर्धा तास बोलत बसले. कित्येक वर्षांत कुणी मला माझ्या विषयातलं काही विचारलंच नव्हतं. आठवडाभर शिकवण्या संपल्या की मी लिहायला बसायचे. मुलांना आवडेल ते सगळं घातलं. डोळ्यांवर कातडी टोपी घातलेला, गाडीतून मिरवत नेलेला शिकारी चित्ता. रानातल्या हरणांना भुलवून आणायला शिकवलेलं पाळीव हरिण. मुठीवर बसलेला ससाणा. आणि एक प्रवेश गावाचा घातला. राजाचे शिपाई येतात, ज्वारी कापणाऱ्या माणसांना उठवून रानात नेतात. ती माणसं वेढा घालतात, शिकार राजासमोर आणतात आणि परत येऊन बघतात तर शेतातून घोडदळ गेलेलं असतं.

काकांनी वाचून लगेच फोन केला. "वहिनी, ब्युटिफुल. चित्ता तर फारच छान. फक्त तो गावाचा प्रवेश काढू या."

"का?"

"रडका होतो. मुलांचं नाटक आहे. लोक सुट्टीच्या दिवशी हौसेने येतात."

"पण काका, त्या माणसांशिवाय शिकार होत नव्हती."

"अहो, म्हणून तर हाकारे ठेवलेत ना आपण. ओरडत येतील, स्टेजला एक चक्कर मारतील, जातील. तेवढं पुरे."

मी तो प्रवेश काढून टाकला. पाहुण्यासारखी वागायची सवय लागली होती मला त्या काळात. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "त्यांचा कार्यक्रम आहे. तू लिहून दिलंस, विषय संपला." माझ्या मते विषय संपला नव्हता, पण तसं म्हणायला मला त्या दिवशी जमलं नाही.

मग भूमिका वाटल्याचा ई-मेल आला. त्यातलं एक वाक्य मला अजून तसंच्या तसं आठवतं, कारण ते वाचून माझे कान तापले. ज्या पालकांना भारतातून पोशाख मागवणं शक्य आहे त्यांच्या मुलांना राजघराण्यातल्या आणि सरदारांच्या भूमिका दिल्या आहेत. हाकाऱ्यांना पोशाख लागत नाही, जुना टी-शर्ट आणि डोक्याला फडकं चालेल.

कोण राजा झालं, कोण सरदार झालं, हे मी पुन्हा पुन्हा वाचलं. काकांच्या कॉन्डोतली मुलं एका बाजूला होती. वर्षातून दोनदा पुण्याला जाऊन येणाऱ्यांची, ज्यांच्या आज्या जरीचे अंगरखे शिवून घेऊन पाठवू शकत होत्या त्यांची. हाकाऱ्यांमध्ये सगळी आमची मुलं होती, बुकित पंजांग, जुरोंग, वुडलँड्सच्या भाड्याच्या फ्लॅटमधली. कुणी ठरवून केलं नव्हतं, हे मला मान्य आहे. त्याचाच मला जास्त राग आला. सोयीसोयीने वाटणी केली आणि ती अगदी बरोबर झाली. मध्ययुगातही अशीच झाली असणार.

माझ्या मुलीला काही वाटलं नाही. ती तेव्हा अकरा वर्षांची होती. "It's okay lah, Aai," ती म्हणाली, "हाकारा is easy. No lines to learn."

रविवारी सकाळी काकांच्या कॉन्डोत तालीम असायची. बुकित पंजांगहून ईस्ट कोस्ट म्हणजे बेटाचं एक टोक ते दुसरं टोक. आधी एलआरटीची छोटी गाडी, मग एमआरटीची मेट्रो, मग बस. आम्ही हाकाऱ्यांचे पालक घामाघूम होऊन पोचायचो तेव्हा राजा आणि सरदार नुकतेच लिफ्टने खाली आलेले असायचे. फंक्शन रूम लहान होती, म्हणून दरबाराची तालीम आत, एसीत, आणि रान बाहेर, स्विमिंग पूलच्या कडेच्या फरशीवर. काका दारात उभे राहून सांगायचे, "अजून जोरात. रान उठलं पाहिजे." मुलं ओरडत पूलभोवती पळायची. ऊन वाढलं की फरशी तापायची. काकू मधूनमधून सरबत आणायच्या. ते आधी आत जायचं. बाहेर येईपर्यंत ग्लास कमी पडायचे आणि मग आमची मुलं नळाला तोंड लावायची. काकूंच्या मनात काही नव्हतं. ट्रे घेऊन निघालं की वाटेत आधी फंक्शन रूमच लागायची, इतकंच. पण मनात काही नसताना दर रविवारी तेच घडत असेल, तर त्याला काय म्हणायचं हे मला कुणी सांगावं.

तिसऱ्या रविवारी कॉन्डोचा वॉचमन आला. वयस्कर होता, अगदी नम्रपणे बोलला. पूलजवळ बाहेरची एवढी मुलं चालणार नाहीत. रहिवाशांची मुलं राहू शकतात, पाहुण्यांना मर्यादा आहे. वरच्या मजल्यावरच्या कुणीतरी आवाजाची तक्रारही केली होती.

काका त्याच्याशी गोड बोलले. मग आमच्याकडे वळून म्हणाले, "असं करू. राजाचा प्रवेश इथे चालू ठेवतो. हाकारे तेवढे गेटबाहेर फुटपाथवर प्रॅक्टिस करू देत. नाहीतरी त्यांचं फक्त ओरडणंच आहे."

माझं डोकं भणाणलं. युरोपातल्या राजांनी मोठमोठी रानं स्वतःच्या शिकारीसाठी राखून ठेवली होती, आणि पिढ्यानपिढ्या तिथे लाकूडफाटा वेचणारे गावकरी एका हुकुमासरशी आपल्याच रानात परके ठरले होते. त्यांना आत बोलावलं जायचं ते हाका करायला, काम झालं की बाहेर. हे मी परीक्षेत लिहिलं होतं, वर्गात शिकवलं होतं. तिथे त्या पूलपाशी उभी असताना पहिल्यांदा ते मला अंगाला चटका बसावा तसं कळलं.

"फुटपाथवर कुणी ओरडणार नाही," मी म्हटलं. "मी यांना बीचवर नेते."

"उत्तम. वहिनींनी प्रश्नच सोडवला," काका म्हणाले.

भुयारी रस्त्याने आम्ही समुद्राकाठच्या पार्कमध्ये आलो. सायकली, वाटेवरून धावणारी माणसं, खाण्याच्या स्टॉलवरून येणारा साते, म्हणजे काडीला लावलेलं मांस, भाजल्याचा वास. एका झाडाखाली वाळूत मुलं बसली. हाकाऱ्यांपैकी दोघांच्या आया माझ्याबरोबर होत्या, त्यांनी मुलांना नारळपाणी आणून दिलं. ओरडायची तालीम कुणालाच करायची नव्हती. तेव्हा जुरोंगहून येणाऱ्या एका लहान मुलीने विचारलं, "काकू, हाकारे कोण असतात?" ती जेमतेम आठ वर्षांची होती. तिचे वडील काही महिन्यांपूर्वीच कंपनीमार्फत पुण्याहून आले होते आणि तिचं मराठी अजून शाबूत होतं.

मला एकदम जाणवलं की तीन आठवडे ही मुलं उन्हात पळताहेत आणि आपण कोण आहोत हे त्यांना कुणी सांगितलेलंच नाही.

मी सांगायला लागले. शेतावरून उठवून नेलेली माणसं. दिवसचे दिवस रानात, हिंस्र जनावरांच्या आणि राजाच्या शिपायांच्या मधोमध. आवाज थांबला की मागून फटका.

"And the king?" माझ्या मुलीने विचारलं.

"राजा उंच जागेवर बसलेला असायचा. प्राणी समोर आले की बाण मारायचा."

"Just sit there only?"

"बऱ्याचदा."

"Then everybody say he's brave?"

"तसंच लिहून ठेवायचे."

मुलं अस्वस्थ झाली. एकाने विचारलं, मांस कुणाला मिळायचं. मी सांगितलं की राजाला, सरदारांना, मानाप्रमाणे. शिकारी कुत्र्यांचासुद्धा वाटा ठरलेला असायचा. हाकाऱ्यांना उरलं तर. त्यावर एकाने वाळूची मूठ जमिनीवर आपटली. मग मी त्यांना इंग्लंडमधली गोष्ट सांगितली. राजाच्या रानाजवळ राहणाऱ्या लोकांना कुत्रा पाळायचा असेल तर त्याच्या पुढच्या पायांच्या नख्या छाटाव्या लागत, म्हणजे त्याला राजाच्या हरणामागे धावता येऊ नये. त्याच हरणांनी शेत खाल्लं तरी शेतकऱ्याने त्यांना मारायचं नाही. मारलं तर शिक्षा जबर, काही राजांच्या काळात डोळे काढण्यापर्यंत. नख्यांचं ऐकून मुलं जितकी चिडली तितकी माणसांचं ऐकून चिडली नव्हती. पण चिडली. मला बरं वाटलं. इतकी वर्षं मी एकटीच चिडत होते.

"काकू, आपण राजाला हे सांगू या ना, नाटकात," लहान मुलगी म्हणाली.

पुढचे दोन रविवार आम्ही बीचवरच तालीम केली. मी काढून टाकलेला प्रवेश पुन्हा लिहिला, अगदी छोटा. जनावरं राजासमोर आणून झाल्यावर हाकारे विंगेत न जाता स्टेजच्या पुढच्या कडेला बसतात आणि एकेक जण एकेक वाक्य बोलतो. वाक्यं मुलांनीच ठरवली. माझ्या मुलीने मराठी वाक्य पाठ केलं, न कुरकुरता. लहान मुलीने शेवटचं वाक्य स्वतःसाठी मागून घेतलं.

लपवाछपवी करायची नव्हती. मी काकांना त्या प्रवेशाची हस्तलिखित पानं पाठवली आणि फोन करून सांगितलं. ते वैतागले.

"वहिनी, आपलं ठरलं होतं ना?"

"तुम्ही ठरवलं होतंत. या मुलांनी महिनाभर ऊन खाल्लंय. त्यांना बोलायला दोन मिनिटं द्या, नाहीतर निवेदनाला दुसरं कुणीतरी बघा."

निवेदन मी करणार होते, आणि कार्यक्रमाला थोडेच दिवस उरले होते. काका मग म्हणाले, "दोन मिनिटं. पण जास्त गंभीर नको. लोक जेवायच्या मूडमध्ये असतात."

कार्यक्रमाच्या दिवशी हॉल भरला होता. राजाच्या पोशाखाला आल्या आल्या टाळ्या पडल्या. काकांनी नेपथ्य खरंच देखणं केलं होतं, हे मान्य करायला हवं. पुठ्ठ्याचा चित्ता डोळ्यांवरच्या टोपीसकट चाकांवर आला तेव्हा पुढची रांग उभी राहिली. मग हाका झाला. आमची मुलं मागच्या दारातून, प्रेक्षकांच्या दोन्ही बाजूंनी ओरडत आली, आणि समुद्राकाठी मोकळ्यावर ओरडायची सवय झाल्यामुळे त्यांचा आवाज असा घुमला की काही लहान पोरं रडायला लागली. हरणं झालेली मुलं राजासमोर पडली. हाकारे पुढे येऊन बसले. माझ्या मुलीने तोंड उघडलं.

त्याच क्षणी स्पीकरवर तुतारी सुरू झाली.

मेजवानीच्या प्रवेशाची तुतारी होती ती. विंगेत काका साउंडवाल्याच्या शेजारी उभे होते आणि हाताने 'पुढे, पुढे' अशी खूण करत होते. मुलांचे ओठ हलताना दिसत होते, शब्द एकही ऐकू येत नव्हता. मुलीने माझ्याकडे पाहिलं. मी मानेने खुणावलं, थांबू नको. एकामागून एक सगळ्यांनी आपापलं वाक्य त्या तुतारीच्या पोटात टाकलं. मेजवानीची ताटं घेऊन सरदार आत आले, पण पुढे हाकारे बसलेले, ताटं ठेवायला जागाच नाही. ते तसेच ताटं धरून उभे राहिले. तुतारी संपली. मुलं उठली नाहीत.

हॉलमध्ये शांतता झाली आणि त्या शांततेत लहान मुलगी उभी राहिली. राजाकडे तोंड करून स्वच्छ आवाजात म्हणाली, "महाराज, तुमच्या घोड्यांनी आमची ज्वारी तुडवली. आता आम्ही काय खायचं?"

राजा झालेला मुलगा बारा वर्षांचा होता. त्याची मराठी वाक्यं रोमन लिपीत लिहून पाठ करून घेतलेली. हे वाक्य त्यात नव्हतं. त्याने विंगेकडे पाहिलं, मुलीकडे पाहिलं, मुकुट सावरला आणि म्हणाला, "Er... sorry ah."

हॉल हसून कोसळला. शिट्ट्या आल्या. पुढच्या रांगेत राजाची आई डोळे पुसत हसत होती. काका धावत स्टेजवर आले, त्यांनी माझ्या हातातला माइक घेतला आणि म्हणाले, "पाहा मंडळी, आमच्या राजाने प्रजेची माफी मागितली. होऊन जाऊ दे टाळ्या." टाळ्या झाल्या. हाकाऱ्यांना हाताने बाजूला सारून ताटं मांडली गेली.

मागे मुलांच्या खोलीत लहान मुलगी भिंतीशी उभी राहून रडत होती.

"सगळे हसले. मी चुकीचं बोलले का?"

"नाही. तू एकदम बरोबर बोललीस."

"मग हसले का?"

तिच्या आईने तिला जवळ घेतलं. राजा झालेला मुलगा दारात येऊन उभा होता, तोही ओशाळला होता. "I really didn't know what to say, Auntie," तो म्हणाला. त्या पोरावर माझा राग नव्हता. त्या दिवशी स्टेजवर ज्याला प्रश्न विचारला गेला आणि ज्याने उत्तर द्यायचा प्रयत्न केला असा तो एकटाच होता.

जेवणाच्या रांगेत लोक माझं अभिनंदन करत होते. "वहिनी, तो शेवटचा विनोदी प्रवेश काय जमलाय." "टायमिंग बघा त्या चिमुरडीचं." मी एका बाईंना म्हटलं, "तो विनोदी नव्हता हो." त्या म्हणाल्या, "तेच तर. मुलं सीरियसली करतात म्हणून मजा येते." माझ्या पानात कुणीतरी श्रीखंड वाढलं. मी ते तसंच ठेवून उठले.

काका स्टेजवर सामान आवरत होते. मी सरळ त्यांच्यापाशी गेले.

"तुतारी मुद्दाम वाजवलीत."

त्यांनी नाकारलं नाही. "कार्यक्रम लांबत होता. आणि तुम्ही बघितलंत ना, शेवटी किती छान झालं. सगळे खूश."

"ती मुलगी आत रडतेय."

"अरेरे. मी बोलतो तिच्याशी, चॉकलेट देतो." मग माझा चेहरा बघून ते खुर्चीवर बसले. "वहिनी, एक विचारू? सहाशे वर्षांपूर्वीच्या माणसांचा राग तुम्ही आम्हा आजच्या लोकांवर का काढता?"

"तो ई-मेल सहाशे वर्षांपूर्वी नव्हता पाठवला कुणी."

"कुठला ई-मेल?"

त्यांना खरंच आठवत नव्हतं. मी आठवण करून दिली. कोणाची मुलं अंगरख्यात होती आणि कोणाची फडक्यात, हे एकेका घराचं नाव घेऊन सांगितलं. पूल सांगितला, गेट सांगितलं, सरबताचे ग्लास सांगितले. माझा आवाज चढला होता, सामान आवरणारे थांबून बघत होते. काकांचा चेहरा हळूहळू लाल होत गेला.

"मी सगळ्या मुलांना सारखं वागवतो," ते म्हणाले. "ज्यांना जे सोयीचं होतं ते दिलं. यात कुणाला कमी लेखायचा प्रश्न येतो कुठे?"

"कमी लेखलं असतंत तर भांडता आलं असतं, काका. तुम्ही लेखलंच नाहीत."

नवऱ्याने येऊन माझा दंड धरला तेव्हा मी थांबले. परतताना तो एमआरटीत बसल्यावर म्हणाला, "फार बोललीस." थोड्या वेळाने म्हणाला, "पण ते सरबताचं मीही बघत होतो." मुलगी आमच्यामध्ये बसली होती, तोंडाला अजून काजळाच्या मिशा. "So paiseh," ती म्हणाली. म्हणजे किती लाज आणलीस. मग जरा विचार करून म्हणाली, "But he shouldn't have played the trumpet. I practised what."

महिन्याभराने कार्यक्रमाची डीव्हीडी घरोघरी आली. कव्हरवर प्रवेशांची यादी होती: दरबार, चित्ता, हाका, 'हाकाऱ्यांची धमाल', मेजवानी. मी ते शब्द वाचले आणि डीव्हीडी न लावताच परत पाकिटात घातली. पोस्टाचं तिकीट लावून काकांना परत पाठवली आणि सोबत चार ओळी लिहिल्या, की ज्यांच्या नावावर इतिहासात एक ओळ मिळत नाही त्यांच्या दोन मिनिटांना धमाल म्हणणं मला सहन होत नाही. उत्तर आलं नाही. दोन आठवड्यांनी मात्र दुसरी डीव्हीडी आली, चिठ्ठीशिवाय. तिच्यावर 'हाकाऱ्यांचं म्हणणं' असं लिहिलं होतं. लावून पाहिली. तुतारी तशीच होती, ती काढणार कशी. पण खाली पांढऱ्या अक्षरांत कुणीतरी मुलांची वाक्यं टाकली होती, सगळी, क्रमाने. मी ती दोनदा वाचली. काकांकडे ती वाक्यं होती म्हणजे त्यांनी माझं हस्तलिखित शोधून काढलं होतं आणि बसून टाइप केलं होतं. तेवढं श्रेय त्यांना द्यायला हवं.

पुढच्या वर्षी नाटकासाठी मला कुणी विचारलं नाही. ई-मेलमध्ये एवढंच होतं की भूमिका चिठ्ठ्या टाकून ठरतील, पोशाख वर्गणीतून भाड्याने आणू, आणि तालमी एखाद्या कम्युनिटी क्लबच्या खोलीत, सगळ्यांना जवळ पडेल अशा ठिकाणी होतील. का, याचा उल्लेख नव्हता. एका ओळखीच्या बाईंनी फोनवर कौतुकाने सांगितलं, "काकांना बघ कसं सगळ्यांचं सुचतं." मी हो म्हटलं आणि फोन ठेवला. मुलीने त्या वर्षी भाग घ्यायचा नाही असं स्वतःच ठरवलं. तिला बास्केटबॉल सुरू करायचं होतं.

नवऱ्याने विचारलं, "आता तरी शांत झालीस का?"

मी म्हटलं, नाही. चिठ्ठ्या टाकल्या हे चांगलंच झालं, आणि तरी माझा राग तसाच आहे. तो जाऊ नये असंच मला वाटतं. आजही कुठल्या संग्रहालयात शिकारीचं चित्र दिसलं की लोक वाघाजवळ थांबतात, राजाजवळ थांबतात, घोड्यांचं कौतुक करतात. मी चित्राच्या कडेला जाऊन उभी राहते. तिथे झाडांच्या आड, चित्रकाराने घाईघाईने उरकलेली, एकसारख्या चेहऱ्यांची माणसं असतात, हात वर करून ओरडणारी. त्यांच्यासमोर मी जास्तीत जास्त वेळ उभी राहते. सोबत आलेले लोक कंटाळून पुढे जातात, आणि मी त्यांना जाऊ देते.